पाय तयार आहेत, आता नदी शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ३६, मूळ गाव सातारा, गेली तीन वर्षं ऑकलंडला. सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली आहे, आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल होते. पुढच्या फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या कोस्ट टू कोस्ट शर्यतीच्या दोन दिवसांच्या वैयक्तिक गटात उतरायचंय. हातात अकरा महिने, आठवड्याला दहा तास. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट, आजवर चालवलेलं नाही. हे दहा तास धावणं, सायकल आणि कयाक या तिन्ही प्रकारांत कसे वाटायचे, आणि पहिल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी अंग साथ देईल का?

मी अठरा वर्षं क्राइस्टचर्चला राहते. ही दोन दिवसांची शर्यत चार वेळा एकटीने पूर्ण केली आहे, दोनदा मैत्रिणींच्या सपोर्ट क्रूमध्ये, म्हणजे स्पर्धकाचं सामान-खाणं सांभाळणाऱ्यांत, राबले आहे, आणि गेली काही वर्षं नवख्यांना वायमाकरीरी नदीवर सोबत घेऊन जाते. त्या अनुभवावर सांगते.

तुम्ही वाटणीबद्दल विचारलंत, पण तुमचा खरा प्रश्न वाहत्या पाण्याचा आहे. यवतेश्वरचा घाट पळून चढणाऱ्या माणसाला दमाची तयारी कशी करायची हे मी सांगायला नको. ही शर्यत मात्र दोन नद्यांमधून जाते. एक पायांनी पार करायची, दुसरी बोटीतून. तुमची तयारी आज जिथे शून्य आहे, नेमका तिथेच खूप वेळ जाणार आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मार्ग सांगते. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये ही शर्यत सुरू केली. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कुमारा बीचला सुरुवात, मधली सदर्न आल्प्सची रांग ओलांडायची, आणि पूर्व किनाऱ्यावर क्राइस्टचर्चच्या न्यू ब्रायटन बीचवर शेवट. एकूण २४३ किलोमीटर. पहिल्या दिवशी वाळूवरून सायकलीपर्यंत २.२ किलोमीटर धावणं, ५५ किलोमीटर सायकल, आणि मग डिसेप्शन नदीच्या खोऱ्यातून चढून गोट पास ओलांडत ३०.५ किलोमीटरची डोंगरातली धाव. मुक्काम क्लॉन्डाइक कॉर्नरला. दुसऱ्या दिवशी १५ किलोमीटर सायकल, वायमाकरीरीवर ७० किलोमीटर कयाक, शेवटी ७० किलोमीटर सायकल. हेच सगळं एका दिवसात करणाऱ्यांचा 'लाँगेस्ट डे' गट १९८७ पासून आहे. स्टीव्ह गर्नी यांनी ही शर्यत नऊ वेळा जिंकली. त्यांचं वेळापत्रक बघून आपलं ठरवायला जाऊ नका, ती तयारीच वेगळी.

आता तुमचा हिशोब मांडू. माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या माणसाला सगळे सायकलचे टप्पे मिळून पाचेक तास लागतात, डोंगरातल्या धावेला सहा-सात, आणि कयाकला सहा. पहिल्या वर्षी मला कयाकला सहा तास वीस मिनिटं लागली होती. सायकल तुमच्या अंगात आहे. १४० किलोमीटर तीन तुकड्यांत आहे, मध्ये विश्रांती आहे, रस्ता बराचसा सपाट आहे. धावेचा दम आहे, तिथलं पाऊल टाकणं शिकायचं आहे. कयाक मात्र पहिल्या पायरीपासून. म्हणून पहिले सहा महिने दहातले साडेचार-पाच तास पाण्यावर घालवा असं मी सांगेन. अडीच तास सायकल पुरेशी आहे, उरलेला वेळ धावेला. डिसेंबरपासून ही वाटणी बदलायची, ते पुढे येतंच.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्ही थंड पाण्यात घाबरता की नाही हे तुम्हालाही अजून माहीत नसेल. अंगाने उंच असाल तर अरुंद बोटीत तोल सांभाळायला जास्त दिवस लागतात. घरी लहान मुलं असतील तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस मिळणं अवघड, आणि या शर्यतीला तेच दोन दिवस हवेत. आणि ऑकलंडमध्ये राहून वायमाकरीरीसारखी नदी रोज मिळणार नाही. हे सगळं धरूनच पुढचं वाचा.

आधी कयाक. मी कोल्हापूरकडची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललं आणि पोहायला शिकवलं. इथे आले तेव्हा मला वाटायचं, पाण्याची भीती आपल्याला नाही, तेव्हा बोट जमेल. पण विहिरीचं पाणी जागेवर थांबलेलं असतं. नदीचं पाणी तुम्ही काय करताय त्याला उत्तर देतं, आणि लगेच देतं. हा फरक मला माझ्या पहिल्या ऑक्टोबरमध्ये कळला.

सरावासाठी आम्ही तिघी नदीच्या घळईत गेलो होतो. एका वळणावर प्रवाह उजवीकडे वळण्याआधी सरळ डावीकडच्या कातळावर आदळत होता. बोट कातळाकडे ओढली जायला लागली, तसं मी घाबरून अंग कातळापासून लांब, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याकडे झुकवलं. पाण्याने तीच कड धरली आणि मी एका क्षणात उलटी. हात पुढे गेला तो स्प्रे डेकची पट्टी ओढायला. कमरेभोवती घालून बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचं ते रबरी आवरण म्हणजे स्प्रे डेक, आणि त्याला पुढे ओढून काढायला एक पट्टी असते. माझ्या हाताला पट्टी लागलीच नाही. बसताना ती आत दुमडली गेली होती. राखाडी-निळ्या पाण्यात डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, फक्त नदीतली वाळू बोटीच्या पोटाला घासून जाते तो सळसळ आवाज कानात भरला होता. कमरेपाशी डेकची कड बोटांनी उचकटत उचकटत निघाले. बाहेर आले तेव्हा बोट बरीच पुढे गेली होती, आणि माझे दात एवढे वाजत होते की मैत्रिणीला 'ठीक आहे' एवढंही सांगता येईना.

त्यातून दोन गोष्टी माझ्या अंगात कायमच्या बसल्या, त्या तुम्ही उलटं न होता शिका. पहिली: बोटीत बसल्यावर हात वल्ह्याकडे नेण्याआधी पट्टी बाहेर आहे का ते हाताने चाचपायचं. डोळ्यांनी बघून भागत नाही. माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला मी मोठ्याने 'पट्टी बाहेर' म्हणायला लावते. दुसरी: कातळाकडे ओढले जात असाल तर कातळाकडेच झुकायचं, जणू त्याला मिठी मारायची आहे. मन अगदी उलटं सांगतं. म्हणूनच हे पुस्तकात वाचून येत नाही, पंचवीस-तीस वेळा करूनच येतं.

नदीवरची बाकीची कौशल्यं याच एका गोष्टीची रूपं आहेत. मोठ्या खडकाच्या मागे पाणी थांबतं आणि हळूच प्रवाहाच्या उलट दिशेला सरकतं, त्या जागेला एडी म्हणतात. तिथून पुन्हा वेगाच्या प्रवाहात शिरताना प्रवाह जिकडे जातोय तिकडे अंग झुकवायचं, सायकलवर वळण घेताना आत झुकतो तसं. या काठावरून त्या काठाला जाताना बोटीचं नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरकं ठेवून वल्हं मारायचं, मग पाणीच तुम्हाला पलीकडे सरकवतं. हे जमलं की ग्रेड दोनचं, म्हणजे त्यातल्या त्यात सोप्या वाहत्या पाण्याचं, सर्टिफिकेट मिळतं, आणि त्याशिवाय कयाक करणाऱ्याला या शर्यतीत उतरता येत नाही. परीक्षेपुरतं शिकू नका. परीक्षा एका दुपारची असते, शर्यतीत सहा तास बसायचंय आणि शेवटच्या दोन तासांत दंड भरून आलेले असतात.

मग पाणी वाचणं. घळईच्या आधी आणि नंतर वायमाकरीरी खडीच्या पात्रात दहा-बारा धारांत फुटून वाहते. कुठली धार धरायची याचा निर्णय दर दोन-तीन मिनिटांनी घ्यावा लागतो. जिथे जास्त पाणी जातंय तिथे जा, मग ती धार लांबून फिरताना दिसली तरी. खालच्या बाजूला टोक असलेली पाण्याची जीभ दिसली तर ती वाट आहे. टोक वरच्या बाजूला असेल तर पाण्याखाली खडक आहे. एका धारेतलं पाणी दुसरीत उतरून जाताना दिसलं तर वेळीच त्या पाण्याच्या मागे जा, नाहीतर बोट ओढत खडीवरून चालायची वेळ येते. शर्यतीत अशी चालणारी माणसं मी दरवर्षी बघते आणि त्यांचे खांदे तेवढ्यात गार पडतात.

नदीची पातळी रोज बघायची सवय आत्तापासून लावा. कँटरबरीची प्रादेशिक परिषद नदीचा विसर्ग संकेतस्थळावर टाकते. आपण पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले ते ऐकतो, इथे आकडा क्युमेकमध्ये असतो. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, साधारण ३५ क्युसेक. शंभर क्युमेक म्हणजे साडेतीन हजार क्युसेक. पन्नासच्या आसपास पाणी असलं की नदी संथ असते, खडक वर आलेले असतात आणि तुम्हाला तासभर जास्त वल्हवावं लागतं. शंभराच्या वर गेलं की वेळ वाचतो, पण कातळावरच्या वळणांत पाणी ढकलायला लागतं. तुमचा सराव दोन्ही पातळ्यांवर झालेला हवा. इथला नॉर्थवेस्टर वारा सुटला की पश्चिमेकडे आणि रांगेच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो, आणि क्राइस्टचर्चला मात्र कोरडं, गरम असतं. सह्याद्रीचा घाटमाथा भिजतो आणि पलीकडचा माण तालुका कोरडा राहतो, तसंच हे. त्यामुळे शहरातलं निरभ्र आकाश बघून नदीचा अंदाज बांधू नका. पाणी फार चढलं तर आयोजक मार्गच बदलतात. अशा वर्षी कयाकऐवजी जास्त सायकल करावी लागली तर वाईट वाटेल, पण तो निर्णय नेहमी बरोबरच असतो.

ऑकलंडमध्ये सुरुवात पुपुके तलावावर करा. सपाट पाण्यात दोन महिने वल्ह्याचा हात बसू दे. ताकद दंडात नसून कमरेच्या पिळात आणि पायाच्या रेट्यात आहे, हे इथेच समजतं. त्यानंतर चांगला प्रशिक्षक गाठून ग्रेड दोनचा कोर्स. उत्तर बेटावर मोहाका नदीचे ग्रेड दोनचे पट्टे त्यासाठी उत्तम आहेत. मध्ये सुट्टीला महाराष्ट्रात जाणार असाल तर कोलाडला दोन दिवस काढा. कुंडलिकेवर धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी सकाळी मिळतं, उबदार पाण्यात उलटायची आणि सुटायची भीती मोडते. थंडी तिथे शिकता येत नाही, ती इकडेच शिकावी लागेल.

बोट आत्ता विकत घेऊ नका. दुकानात किंवा जुन्या जाहिरातींत हलकी, लांब, सुईसारखी बोट बघून मोह होतो. नवख्याने रुंद, तोल असलेली बोट घ्यावी. हळू बोटीत सरळ बसून सहा तास वल्हवणारा माणूस, वेगवान बोटीत दर वळणावर वल्हं आडवं धरून थांबणाऱ्याच्या पुढे निघून जातो. हे मी इतक्यांदा बघितलंय की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

आता पायांची नदी. डिसेप्शनच्या खोऱ्यातल्या त्या टप्प्याला धाव म्हणतात खरं, पण त्यात पळणं कमीच असतं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढला असाल तर नेमकं चित्र डोळ्यांपुढे येईल. तेच दगड, फुटबॉलपासून फ्रिजएवढे, एकावरून दुसऱ्यावर. फरक एवढाच की इथे मध्ये गुडघाभर, कधी मांडीभर बर्फासारखं पाणी आहे आणि ते वीसेक वेळा ओलांडायचं. वर गोट पासची उंची १०७० मीटर, म्हणजे चढ तुम्हाला घाबरवणारा नाही. दमवतं ते दर पावलाला डोकं वापरावं लागतं ते.

म्हणून रस्त्यावरचे किलोमीटर वाढवू नका. आठवड्यातून एकदा दगडांवर जा. समुद्रकिनाऱ्यावरचे खडक चालतील, ओढ्याचं पात्र असेल तर उत्तम. नजर दोन पावलं पुढच्या दगडावर, वजन पुढच्या पायावर, पाय हलके. ओल्या शेवाळी दगडावर मधोमध पाऊल टाकायचं, कडेवर नाही. पाणी ओलांडताना नदी जिथे पसरून उथळ झालीय ती जागा शोधा, अरुंद जागा जवळची वाटते पण खोल असते. ओलांडण्याआधी खाली बघा: घसरलो तर वाहत कुठे जाऊ? उत्तर चांगलं नसेल तर पन्नास पावलं वर जा. पाणी जास्त असेल तर तिघा-चौघांनी एकमेकांच्या सॅकच्या पट्ट्या धरून, सगळ्यात दणकट माणूस वरच्या बाजूला ठेवून, प्रवाहाला समांतर रांगेत सरकत जायचं. अनोळखी स्पर्धक असला तरी हात पुढे करा, तिथे कोणी नाही म्हणत नाही. सरावाला गेलात आणि पाणी गढूळ होऊन तळाचे दगड गडगडताना ऐकू यायला लागले, तर तिथूनच मागे फिरा.

पहिल्या सायकलबद्दल एकच. ५५ किलोमीटर घोळक्यात जायचं असतं, पुढच्याच्या चाकामागे. घोळक्यातून सुटलात की वाऱ्याशी एकट्याने झगडत बसाल आणि डोंगराआधीच पाय भरतील. ऑकलंडच्या एखाद्या सायकल ग्रुपबरोबर शनिवारी सकाळी जायला लागा, घोळक्यात हात न थरथरता चालवणं हे शिकायचं कौशल्य आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दुसऱ्या दिवशी अंग चालेल का. चालेल, पण ते क्लॉन्डाइकच्या त्या संध्याकाळवर ठरतं. बहुतेक जण पोहोचल्यावर खुर्चीत बसतात, गप्पा रंगतात, तासभर जातो आणि अंग लाकूड होतं. माझा क्रम ठरलेला आहे. पोहोचल्या पोहोचल्या ओले बूट-मोजे काढून पाय पुसायचे आणि बोटांमध्ये बघायचं, कारण दिवसभर भिजलेली कातडी उद्या फाटते. अर्ध्या तासाच्या आत खायचं. माझा नवरा थर्मासमध्ये मऊ भात आणि वरण घेऊन येतो, वर तूप, मीठ, लिंबू. जेल आणि गोड बार खाऊन जीभ विटलेली असते, तेव्हा तो भात घशाखाली उतरतो. त्यानंतर वीस मिनिटं हळू चालणं. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावून हैराण करतात, अंगभर कपडे आणि मलम लागतंच. आणि उजेड आहे तोवर उद्याची बोट तयार: पाण्याची पिशवी भरून नळी लाइफ जॅकेटला अडकवलेली, खाणं उघडायला सोपं, थर्मल कोरडे. झोप कमी लागली तर घाबरू नका, मला एकाही वर्षी धड झोप लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी धोका वेगळ्याच जागी असतो. काल तीस किलोमीटर दगडांवर गेलेले पाय आज सहा तास बोटीत ताठ पसरून बसायचे असतात. मांडीचा मागचा स्नायू आखडतो, कमर गोल होते, आणि कमर गोल झाली की वल्ह्याची सगळी ताकद जाते. हे टाळायचा एकच मार्ग मला सापडलाय: सरावात शनिवारी लांब डोंगर-धाव आणि रविवारी सकाळी लगेच लांब कयाक. डिसेंबर-जानेवारीत अशा चार-पाच जोड्या झाल्या पाहिजेत. तेव्हा आठवड्याचे दहा तास पुरणार नाहीत, चौदा धरा, आणि हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. तुमची सपोर्ट क्रू बहुधा तीच माणसं असणार.

खाण्याचं: तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. डोंगरात हात मोकळे असतात, बोटीत नसतात, म्हणून घळई सुरू व्हायच्या आधीच्या संथ पाण्यात भरपूर खाऊन घ्यायचं. खजूर आणि उकडून मीठ लावलेले बटाटे मला चालतात. चिक्की नेली होती, थंडीत चावता येईना.

शेवटचे ७० किलोमीटर बोटीतून उतरून सायकलवर. हातांना बधिरपणा आलेला असतो, ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं हळू. दुपारी समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटला तर तो थेट तोंडावर येतो. इथेही घोळका शोधा, दोघं मिळाले तरी पुरे.

तर क्रम असा: एप्रिल-मे सपाट पाणी, जून ते ऑगस्ट पाणी आणि दगड, सप्टेंबर-ऑक्टोबर वाहती नदी आणि सर्टिफिकेट, नोव्हेंबरमध्ये वायमाकरीरीच्या मार्गावर माहितगारासोबत निदान दोन फेऱ्या, त्यानंतर शनिवार-रविवारच्या जोड्या. डिसेप्शनचीही एक फेरी शर्यतीआधी व्हायलाच हवी.

आणि एक तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा: १ नोव्हेंबर. त्या दिवशी सर्टिफिकेट हातात नसेल, किंवा असूनही नदीत शिरताना पोटात गोळा येत असेल, तर आयोजकांना विचारून दोघांच्या टीममध्ये जा आणि कयाक जोडीदाराला द्या. तुमच्या पायांना डोंगर झेपेल. मग त्याच उन्हाळ्यात, शर्यतीची घाई नसताना, पुढच्या वर्षासाठी पुन्हा नदीवर या.